मैत्री क्लिनिक: आत सगळं आहे, दार तेवढं अवघड

जिल्हा रुग्णालयात केसपेपरची खिडकी, औषधांची खिडकी, एक्स-रे, सगळं बाणांच्या मागे गेलं की सापडतं. ‘मैत्री क्लिनिक’ची पाटी मात्र शोधावी लागते. अनेकदा ती एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी खोलीला लागून असते, नाहीतर प्रसूती विभागाच्या वाटेवर. पाळीची तक्रार घेऊन आलेली सोळा वर्षांची मुलगी त्या बाकावर बसली, की शेजारची बाई मनातल्या मनात भलताच हिशेब मांडून मोकळी होते. या सेवेचं निम्मं नुकसान त्या बाकावरच होतं. आत गेल्यावर जे मिळतं, ते बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा बरंच चांगलं आहे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यातल्या किशोरवयीनांसाठीच्या दवाखान्याला महाराष्ट्रात ‘मैत्री’ म्हणतात. वयोगट १० ते १९. लग्न झालेलं असो वा नसो, मुलगा असो वा मुलगी. जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक रोज भेटणं अपेक्षित आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक ठरलेला वार, साधारण दोन तास. तो वार केंद्रागणिक वेगळा असतो, म्हणून आधी आशाताईंना विचारून जावं. वेळ बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या तासांवरच पडते. ज्यांच्यासाठी दवाखाना आहे त्यांनीच तास बुडवून यायचं, हे नियोजन कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे.

पैशांचं म्हणाल तर, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेची आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत, तिथे थोडे सुटे पैसे जवळ ठेवावेत. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारलं, तर ‘मैत्रीत जायचंय’ एवढं सांगितलं की पुरे. तक्रार तिथे सांगायची गरज नसते.

समुपदेशक कसा आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. चांगला समुपदेशक सोबत आलेल्या आईला किंवा मित्राला थोडा वेळ बाहेर बसवतो, दार लोटतो आणि आधी झोप, जेवण, अभ्यास, घर यांवर बोलतो. शरीराचे प्रश्न त्यानंतर. सुरुवातीलाच तो हेही सांगतो, की काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही. ‘सगळं आपल्या दोघांतच राहील’ असं जो बिनधास्त सांगतो, त्याच्याबद्दल सावध राहावं, कारण कायद्याने त्याला ते वचन देताच येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती धरली जात नाही. अशा व्यक्तीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं, मग ते प्रेमातून का असेना, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात थोडी वाट मोकळी केली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना दिलेल्या माहितीत तिचं नाव उघड करायची गरज नाही. ही गोष्ट समुपदेशकाला ठाऊक आहे का, हे विचारून बघा. ठाऊक असेल तर माणूस कामाचा.

त्याच ओघात: १८ पूर्ण झालेल्या मुलीच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा वडिलांची सही मागितली जाते, ती कायद्यात कुठेही नाही. १८ च्या खाली मात्र पालकांची लेखी संमती हवी.

कपाटातलं सामान: निरोध, माला-एन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या, तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या, गर्भ राहिलाय का हे तपासायचं निश्चय किट, लोहाच्या निळ्या गोळ्या. माल बरा आहे, तो देताना जे सांगितलं जातं तिथे सेवा ढेपाळते. निरोधचं पाकीट नुसतं हातावर ठेवून भागत नाही. लाकडी नमुन्यावर करून दाखवा असं स्पष्ट म्हणावं, नमुना बहुतेक ठिकाणी खणात पडलेला असतो. मुदतीची तारीख बघायची, पाकीट दाबून आत हवा आहे ना ते तपासायचं, कडेने फाडायचं, दातांनी नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचं. वीर्यपतनानंतर ताठरता जायच्या आत कडा धरून बाहेर काढायचं. फाटण्याची कारणं ठरलेली: खोबरेल किंवा व्हॅसलीन लावणं (तेलाने लॅटेक्स कुजतं), महिनोन्‌महिने खिशातल्या पाकिटात ठेवणं आणि ‘जास्त सुरक्षित’ म्हणून एकावर एक दोन घालणं.

तातडीच्या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. ती ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी, कारण ती बीजांड सुटणं पुढे ढकलते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. पुढची पाळी थोडी मागेपुढे होते, आठवडाभर उशीर झाला तर सकाळच्या पहिल्या लघवीवर निश्चय किटने तपासावं. छायाचा घोळ वेगळाच: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, नंतर आठवड्यातून एकदा. हे वार कागदावर लिहून दिले नाहीत, तर महिन्याभरात गोंधळ होणारच. निळी गोळी जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही. शौच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आमची मोठी तक्रार पांढऱ्या पाण्याबद्दल. मुलीने ‘अंगावरून जातं’ म्हटलं की काही ठिकाणी न तपासता थेट हिरवं किट हातात येतं, म्हणजे सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही जंतुसंसर्गावरची औषधं. खाज नाही, वास नाही, दह्यासारखे गोळे नाहीत, रंग पारदर्शक किंवा दुधी आणि दोन पाळ्यांच्या मध्यावर थोडं वाढतं, तर ते शरीराचं रोजचं काम आहे. त्याला औषध लागत नाही. इथे पाच मिनिटं बोलणं हाच उपचार, आणि नेमका तोच वगळला जातो.

मुलांची खोली त्याहून रिकामी. जे येतात ते ‘धात जाते, अशक्तपणा आलाय’ म्हणून. स्वप्नात वीर्यपतन होणं किंवा हस्तमैथुन यांनी अशक्तपणा येत नाही, हे समुपदेशक सांगतात आणि नीट सांगतात. तेरा-चौदाव्या वर्षी छातीत गाठ येते, बहुतेकांची एक-दोन वर्षांत आपोआप जिरते, तेही सांगतात. पण अंडकोशात एकदम जोराची कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण वाचण्याची आशा सर्वांत जास्त असते, हे भिंतीवरच्या पोस्टरवरही आढळत नाही. लाजून रात्र काढली की संपलं.

शाळेतल्या लैंगिक आरोग्याच्या सत्रांचा दर्जा ते घेणाऱ्या माणसावर अवलंबून. याच राज्याने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं होतं, त्यामुळे अजूनही मुख्याध्यापक ‘पाळी आणि स्वच्छता एवढंच घ्या’ म्हणून बजावतात. मग मुलांना मैदानावर पाठवून मुलींना पॅड वाटले जातात आणि सत्र उरकतं. चांगल्या सत्राची खूण म्हणजे प्रश्नपेटी. तिचा नियम एकच: प्रत्येकाने चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर कोरी. मग कोण लिहीत होतं याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चिठ्ठ्या बाई आधी चाळून ‘घाण’ प्रश्न बाजूला काढत असतील, तर पुढच्या वेळी पेटीत सगळ्या कोऱ्याच निघतात.

जायचं ठरवलंत तर ओपीडी उघडल्याच्या तासाभरात जावं, समुपदेशक दुपारनंतर बऱ्याचदा शिबिराला किंवा मीटिंगला गेलेले असतात. शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. पाळीची तपासणी महिला डॉक्टरांकडूनच हवी असेल तर तसं समुपदेशकालाच सांगावं, ते वार बघून बोलावतात.