विकत घेतलेलं मत आणि हाइव्हवरची चार वर्षं

2018 च्या पावसाळ्यात मी पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीवर लेख लिहिला. तीन रविवार तिथे जाऊन बसले होते. घागरीवर एकाशेजारी एक ठोके घालत मठारकाम कसं करतात, एक ठोका चुकला तर तो पत्र्यावर कसा दिसत राहतो, गिझर आल्यावर बंबाची मागणी कशी ओसरली, हे एका काकांनी हातातलं काम न थांबवता सांगितलं. लेख स्टीमिटवर टाकला, म्हणजे वाचकांच्या मतांवर लेखकाला क्रिप्टो चलनात पैसे देणाऱ्या संकेतस्थळावर. खातं भाच्यानं उघडून दिलं होतं. ‘मावशी, लोकांनी मत दिलं की 7 दिवसांनी त्याचे पैसे होतात,’ एवढंच त्यानं समजावलं होतं.

अकरा मतं पडली. मला ती पुरेशी होती. पण त्या काळात वरच्या पानावर बरेचसे लेख विकत घेतलेल्या मतांवर चढलेले असत, आणि तुम्हीही मत घ्या असं दोघा-तिघांनी सांगितलं. मी घेतलं.

ज्या सेवेकडून घेतलं तिचं नाव लिहीत नाही, पण व्यवहार सांगते. मत विकणारं खातं म्हणजे एक बॉट, आपोआप मत देणारा प्रोग्राम. साधारण दर 2.4 तासांनी तो एक पूर्ण ताकदीचं मत देई, कारण एका मताला 2 टक्के ताकद खर्च होते आणि ती भरून यायला तेवढाच वेळ लागतो. त्या फेरीत ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्यात रकमेच्या प्रमाणात मत वाटलं जाई. मी 8 एसबीडी पाठवले, हे तिथलं साधारण डॉलरच्या मोलाचं चलन. फेरी संपता संपता कुणीतरी मोठी रक्कम टाकली आणि माझा वाटा आकसला. तरी लेखाखाली 9 डॉलरचा आकडा दिसला आणि मी खूश झाले. सात दिवसांनी कळलं की तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्यातले 25 टक्के मत देणाऱ्यांचे, म्हणजे बॉटचेच. माझ्याकडे आले 6.75, आणि त्यातलेही अर्धे स्टीम पॉवरमध्ये, म्हणजे मताचं वजन वाढवणाऱ्या पण अडकून पडलेल्या रूपात. ते मोकळे करायचे तर तेव्हा 13 आठवडे हप्त्याहप्त्यानं.

पैसे गेल्याचं दुःख थोडंच होतं. खरं दुःख भाच्याशी बोलल्यावर झालं. बक्षिसांची रक्कम सगळ्यांच्या सामाईक साठ्यातून येते. पंगतीला पातेलं एकच असतं, मी दोनदा वाढून घेतलं तर शेवटच्या पानावर कमी पडतं. माझ्या विकतच्या मतानं कुणाच्या तरी प्रामाणिक लेखाचा घास घेतला होता, आणि त्यातला पाव वाटा ज्यानं एक ओळही वाचली नव्हती त्या बॉटकडे गेला होता. तांबट आळीतल्या काकांनी मला तीन रविवार दिले होते. त्यांच्या कामावरच्या लेखाला मी असं मत लावलं, याची मला आजही लाज वाटते.

ऑगस्ट 2019 मध्ये नियम बदलले. लेखक आणि मत देणारे यांची वाटणी निम्मी-निम्मी झाली. विरोधी मतासाठी वेगळी ताकद मिळाली, त्यामुळे विकतच्या मतावर फुगलेला लेख खाली आणणाऱ्याला स्वतःचं नुकसान सोसावं लागेना. त्यानंतर मत विकणारे बॉट भराभर बंद झाले. पुढे ट्रॉन या क्रिप्टो चलनाचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी घेतली, वाद पेटला आणि 20 मार्च 2020 ला बरीच मंडळी वेगळी होऊन हाइव्ह हे तसंच दुसरं व्यासपीठ सुरू झालं. मीही तिकडे गेले आणि चार वर्षं नेमानं लिहिलं.

हाइव्हला मी पाचपैकी साडेतीन गुण देते. विरोधी मताचा धाक खरा आहे, आणि कुणी कुणाला किती मत दिलं हे कोणालाही बघता येतं. शंका आली की मी स्वतः नोंदी तपासते. याचं मला फार मोल वाटतं. दीड गुण कापला, कारण ज्याच्याकडे हाइव्ह पॉवर (स्टीम पॉवरसारखीच अडकवलेली रक्कम) जास्त त्याचं मत जड, हा पाया तसाच आहे. आपली पॉवर एखाद्या खात्याला वापरायला द्यायची आणि त्या बदल्यात रोज मत घ्यायचं, हेही चालतं. मला ते विकत घेण्याचंच दुसरं रूप वाटतं, म्हणून मी माझी पॉवर कुणाला दिली नाही. मराठी वाचक थोडे आहेत. घरखर्चाला हातभार लागेल या आशेनं जाऊ नका. आणि खात्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्डसारखे लांब सांकेतिक शब्द, कागदावर लिहून ठेवा, सगळ्यात वरची किल्ली हरवली तर कुठलंही ऑफिस ती परत देत नाही.

तांबट आळीचा लेख मी तिथे नव्यानं लिहिला, या वेळी मत न घेता. नऊ मतं पडली. एका वाचकानं विचारलं, घागरीचा गळा आणि पोट वेगळं करून जोडतात का? मला उत्तर माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा कसब्यात जाऊन काकांपुढे बसले.