चष्मा प्रोग्रेसिव्ह घ्यावा की बायफोकल?
प्रोग्रेसिव्हमधे वर लांबचं, मधे कॉम्प्युटरचं, खाली वाचायचं आणि दोन्ही कडांना धूसर, म्हणून नुसते डोळे फिरवून भागत नाही, मानच वळवावी लागते. अजिंक्यतारा किल्ला उतरताना पायाखाली बघितलं की नजर वाचायच्या भागातनं जाते आणि पायऱ्या तरंगायला लागतात, हनुवटी छातीला टेकवूनच उतरायचं बघा. एक-दोन आठवड्यात सवय होते बहुतेकांना. बायफोकलला वर लांबचं, खाली वाचायचं असे दोनच भाग, मधे रेघ दिसते, तिथं चित्र उडी मारतं, पण वाचायला जागा ऐसपैस आणि स्वस्तही पडतो, फक्त मधलं अंतर नाही म्हणजे स्क्रीनवाल्यांची बोंब. दिवसभर गल्ल्यावर वही लिहिणाऱ्याला मी बायफोकलच सांगीन. प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच तर फ्रेम उंचीला बारकी नको, आणि माप फ्रेम तोंडावर चढवून, काचेवर खूण करूनच घ्यायला लावा.