बीएलडीसी की साधी मोटर: सोलापुरी उन्हाळ्यात पंखा आणि कूलर घेताना

साध्या मोटरचा छताचा पंखा पूर्ण वेगाला साधारण 75 वॅट खातो. तेवढ्याच आकाराचा, 1200 मिमीचा बीएलडीसी पंखा (ब्रशलेस डीसी, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर, ‘कार्डा’वर चालणाऱ्या मोटरचा) 28 ते 32 वॅटमध्ये जवळपास तेवढाच वारा देतो. दुकानात एवढंच सांगितलं जातं. पण पैसे वसूल होणार की नाही हे दोनच गोष्टींवर ठरतं: तो दिवसाला किती तास फिरणार, आणि बिघडला तर उघडणार कोण.

आधी पंख्याचा हिशोब. 45 वॅटची बचत, दिवसाचे 12 तास, वर्षाचे 300 दिवस धरले तर 162 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटांच्या पुढे दर चांगलाच चढतो आणि वाचणारी युनिटं या वरच्या टप्प्यातलीच असतात. म्हणून युनिटमागे 10 रुपये धरा: वर्षाला सोळाशे रुपये. दोन पंख्यांच्या किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा असेल, तर तो वर्षभरात निघतो. पाहुण्यांच्या खोलीत मात्र दिवसाला तासभर फिरणाऱ्या पंख्यासाठी हा खर्च करू नये. आजी-आजोबा दिवसभर असतात त्या खोलीतला पंखा आधी बदलावा.

कूलरचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 पर्यंत जातो आणि दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर इथे खरंच काम करतो. पण चालतो जेमतेम तीन महिने. साधी मोटर 180 वॅटची आणि बीएलडीसी 90 ची धरली, तर रोज 10 तासांप्रमाणे 90 दिवसांत 81 युनिट वाचतात, म्हणजे आठशे रुपये. किमतीतला फरक तीन हजारांचा असेल तर ते फिटायला चार उन्हाळे जातील. फक्त दुपारी कूलर लावणाऱ्यांनी तांब्याच्या वाइंडिंगची (तारेच्या गुंडाळीची) साधी मोटर घ्यावी. ती अॅल्युमिनियमची नाही ना, हे बिलावर लिहून घ्यावं.

रात्रभर कूलर लावून झोपणाऱ्यांसाठी मात्र पारडं फिरतं. साध्या मोटरचा वेग कमी केला तरी तिचं खाणं फारसं उतरत नाही. बीएलडीसी मोटरचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण शास्त्राप्रमाणे वीज आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात सर्किट स्वतःही थोडी वीज खातं, म्हणून ती पाचव्या-सहाव्या हिश्श्याला थांबते. शिवाय हवा पॅडमधून सावकाश गेली की जास्त ओलावा घेते आणि थोडी अधिक गार होऊन बाहेर पडते. आवाजही कमी.

आता दुरुस्ती. साधा पंखा मंदावला की बहुतेक वेळा दोष 2.5 मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरचा असतो. तो थोडक्या पैशात, दहा मिनिटांत बदलतो. वाइंडिंग जळलं तर गल्लीतला वाइंडिंगवाला भरून देतो. बीएलडीसीचं कार्ड गेलं तर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं कार्ड लागतं. ही कार्डं जातात प्रामुख्याने वळवाच्या पावसात विजा कडाडताना येणाऱ्या झटक्याने, आणि कूलरमध्ये ओलाव्याने. नळाला रोज पाणी येत नसल्याने बऱ्याच घरांत कूलरला बोअरचं पाणी जातं. त्यातले क्षार पॅडवर पांढरे थर धरतात, पाणी एका बाजूने वाहू लागतं आणि तुषार मोटरवर उडतात. आठवड्याला टाकी रिकामी करून घासणं दोन्ही मोटरना लागू आहे, बीएलडीसीला जास्तच. कार्डावर किमान दोन वर्षांची वॉरंटी आणि शहरातच सर्व्हिस सेंटर नसेल, तर ते मॉडेल सोडा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात फार विचार नको. चार साधे पंखे 300 वॅट ओढतात, चार बीएलडीसी 120. 150 एएचच्या बॅटरीतून हाताशी येणारे 1200 वॅट-तास धरले तर चार तासांऐवजी दहा तास निघतात. स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरवर साधा पंखा घुमतो आणि तापतो, बीएलडीसी तसं करत नाही. संध्याकाळी व्होल्टेज 180 ला उतरलं तरी त्याचा वेग टिकतो.

बसवताना एक चूक सर्रास होते: भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवला जातो. तो काढून थेट स्विचवर जोडणी करायची, नाहीतर कार्ड लवकर मरतं.

बदलण्याआधी आपला पंखा खरंच किती खातो ते मोजा. घरातलं बाकी सगळं बंद करा, पंखा पूर्ण वेगाला लावा आणि मीटरवरचा लाल दिवा सहा मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मीटरवर 3200 इम्पल्स (imp/kWh, म्हणजे एका युनिटला 3200 लुकलुक) लिहिलं असेल तर एक लुकलुक म्हणजे 3.125 वॅट. 24 आले तर पंखा 75 वॅटचा, 9 आले तर 28 चा. पंखा जोरात फिरत असूनही 16 च्या आसपास आले, तर तो 50 वॅटचा, आधीच कमी खाणारा पंखा आहे. तो तसाच चालू द्या.