मोफत कोर्स केला, चिठ्ठ्या टाकायला शिकले

सामाजिक योजना खरंच कामाला येतात का, हे कसं तपासायचं ते शिकवणारा एका परदेशी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स यंदा पावसाळ्यात पूर्ण केला. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तर पैसे. मी घेतलं नाही. सोलापुरात विडी घरकुलाकडं बचत गटांचं काम करते. तिथं तो कागद कुणाला दाखवू?

तक्रारी आधी सांगते. सगळं इंग्रजीत, आणि बोलणाऱ्यांचा वेग असा की एकेक व्हिडिओ तीनदा मागं घ्यावा लागला. सबटायटल्स आहेत, तीही इंग्रजीच. मोबाइलवर आलेख मुंगीएवढे दिसतात. किती माणसं घेतली तर निकालावर भरवसा ठेवता येतो, या गणिताचा धडा तर मुलाला शेजारी बसवून काढला. मी बी. ए. मराठी!

पण पहिल्याच आठवड्यात या कोर्सनं माझी झोप उडवली. आम्ही अहवाल कसा लिहितो? शिलाई वर्गाआधी बाईची कमाई इतकी, नंतर इतकी, सोबत मशीनपाशी हसरा फोटो. कोर्सवाले विचारतात, वर्ग झालाच नसता तर? त्या वर्षी लग्नसराई जोरात असेल, नवऱ्याला टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं असेल. शिवाय हजार विड्या वळून झाल्यावर वर्गाला येते ती बाई मुळातच धडपडी. तिची तुलना घरी बसलेलीशी करून काय कळणार? उपाय भिशीचाच आहे. नावं चिठ्ठीनं काढायची, निघालेल्यांना वर्ग द्यायचा, बाकीच्यांशी तुलना करायची, म्हणजे दोन्ही बाजूंना धडपड्या आणि निवांत सारख्याच वाटल्या जातात. मग जो फरक दिसेल तो वर्गाचा.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल याच पद्धतीच्या कामासाठी मिळालं. मला सगळ्यात आवडलं ते उदयपूरकडच्या खेड्यांतलं लसीकरण. 134 गावं. जिथं काही केलं नाही तिथं पूर्ण लस झालेली मुलं 6 टक्के, जिथं ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरलं तिथं 18, आणि जिथं शिबिराला येणाऱ्या आईला दर लशीमागं किलोभर डाळ आणि सगळ्या लशी झाल्यावर ताटवाट्या दिल्या तिथं 39. डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च कमीच आला, कारण नर्स दिवसभर बसणारच असते. मुलं जास्त आली की तो खर्च विभागला जातो.

हैदराबादचा प्रयोग मात्र मला लागला. तिथल्या 104 वस्त्यांपैकी चिठ्ठीनं निवडलेल्या 52 वस्त्यांत बायकांच्या गटांना छोटी कर्जं आधी मिळू लागली. दीडेक वर्षानं पाहिलं तर घरात टिकाऊ वस्तू आल्या होत्या, आधीपासून धंदा असलेल्यांनी त्यात पैसा घातला होता, चहा-पानाचा खर्च घटला होता. पण एकूण घरखर्च, मुलांचं शिक्षण, घरात बाईचा शब्द, यात म्हणावा असा फरक नाही. मी पंधरा वर्षं भाषणात नेमकं उलटं सांगत आले. आमच्या निम्म्या बायकांचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळं ‘ते तिकडचं’ म्हणून झटकताही येईना.

गटात हे सांगितलं तर थोरल्या अक्का म्हणाल्या, “ताई, चिठ्ठी नाही निघाली त्या गल्लीनं काय पाप केलं?” कोर्समध्ये याचं उत्तर आहे, मला ते निम्मंच पटलं. केनियात 75 शाळांत जंताच्या गोळ्या द्यायच्या होत्या, एकदम सगळीकडं जमणार नव्हतं. म्हणून 25-25 शाळांचे तीन गट केले आणि पाळी लावली. शेवटी मिळाल्या सगळ्यांना. पैसा अपुरा असेल तर चिठ्ठी वशिल्यापेक्षा बरीच. पण ज्याचा उपयोग आधीच ठाऊक आहे ते कुणापासून रोखून धरू नये, यावर आणखी एखादा व्हिडिओ हवा होता.

मी स्वतः करून पाहिलं. 24 गट, चिठ्ठीनं 12 काढले, त्यांना हप्त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन. दोन महिन्यांत फरक जेमतेम. एक तर 24 गट फारच थोडे. दुसरं म्हणजे फोन आलेल्या बाईनं शेजारच्या गटातल्या जावेला लगेच सांगितलं, “उद्या हप्ता आहे गं.” केनियातही हेच झालं होतं. गोळ्या न घेतलेल्या मुलांचेही जंत कमी झाले. म्हणूनच तिथं एकेका मुलाची नाही, अख्ख्या शाळेची पाळी लावली होती. मी गल्लीची चिठ्ठी टाकायला हवी होती.

पाचपैकी साडेतीन. मराठी सबटायटल्स आली तर साडेचार देईन. संस्थेत अहवाल लिहिणाऱ्यांनी जरूर करावा, लॅपटॉपवर करावा, आणि गणिताच्या त्या धड्याला दोन रविवार मोकळे ठेवावेत.