'टिन्सेलटाऊन इन द रेन': एका गाण्यासाठी घेतलेली रेकॉर्ड, काही महिन्यांनंतर

1984 च्या उन्हाळ्यात हे गाणं सिंगल म्हणजे सुटी रेकॉर्ड म्हणून निघालं, ब्रिटनच्या खपाच्या यादीत 87 व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि तिथूनच परत फिरलं. त्याच उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकावर सलग नऊ आठवडे ठाण मांडून कोण बसलं होतं, तर 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड' हा बँड. म्हणजे हॉलिवूडला निघालेला फ्रँकी शिखरावर, आणि 'टिन्सेलटाऊन' हे हॉलिवूडचंच टोपणनाव लावून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या पावसात उभं राहिलेलं हे गाणं तळाला. नशीब म्हणायचं की थट्टा, तुम्हीच ठरवा.

हे गाणं 'द ब्लू नाईल' या ग्लासगोच्या बँडचं. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ग्लासगोत मात्र या तिघांचा विषय काढला की मोठमोठी माणसं हळवी होतात. पॉल बुकॅनन गायचा आणि गिटार वाजवायचा, रॉबर्ट बेल बेस गिटार वाजवायचा, पॉल जोसेफ मूर कीबोर्डवर. वीस वर्षांत त्यांनी चार अल्बम काढले: 1984, 1989, 1996 आणि 2004. एवढ्या संथपणे काम करून लोकांच्या मनात टिकून राहायचं, तर गाणी तशीच दमदार लागतात.

नोकरीसाठी या शहरात आले आणि पहिल्याच हिवाळ्यात जुन्या रेकॉर्ड्सच्या एका दुकानात 'अ वॉक अक्रॉस द रूफटॉप्स' हा त्यांचा पहिला अल्बम हाताला लागला. सिंगलच्या मागे न लागता थेट अल्बमच घेतला. खरं तर घेतला तो या एका गाण्यासाठीच. हे गाणं पहिल्या बाजूला दुसरं आहे, त्यामुळे सुई नेमकी टेकवायला शिकावं लागतं. तबकडी दिव्याकडे जरा तिरपी धरली की दोन गाण्यांमधली गुळगुळीत पट्टी चमकते. वाकून, श्वास रोखून सुई तिथे सोडायची. किंचित अलीकडे पडली तर आधीच्या गाण्याची शेपटी ऐकावी लागते, पलीकडे पडली तर सुरुवातच हुकते. फोनवर बोट दाबण्यापेक्षा हा खटाटोप मला आवडतो, कारण एवढं करून लावलेलं गाणं अर्ध्यात बंद करवत नाही.

आणि ते अर्ध्यात बंद करायचं नाहीच. गाणं जवळपास सहा मिनिटांचं आहे. रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांत उरकणारी गाणी सोयीची असतात, आणि यातली खरी गंमत तर त्यानंतर सुरू होते. सुरुवातीला लक्ष जातं ते बेसकडे. बेल तो इतका पुढे येऊन वाजवतो की गाणं नाचायचंच आहे अशी खात्री पटते. गिटार सुरावट वाजवत नाही, नुसती तारांवर खरखरत राहते. मग बुकॅननचा आवाज येतो आणि नाचायला उठलेले पाय जागच्या जागी थबकतात. तो विचारतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे का? उत्तरही स्वतःच देतो, आहे. मग विचारतो, आपण कायम असेच मजेत राहू का? आणि लगेच कबूल करतो की आलं तसं जाईलही, ही सगळी बडबड म्हणजे नुसता आव आहे. हे सगळं त्या थिरकत्या बेसवर! शेवटी तंतुवाद्यांसारखे सूर भरून येतात आणि तो 'टिन्सेलटाऊन' हे नाव पुन्हा पुन्हा, जवळजवळ ओरडून घेतो. इथे मी दरवेळी आवाज वाढवते. शेजाऱ्यांची क्षमा मागून.

एकदा आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मागे हेच चालू होतं.

"अगं, हे काय लावलंयस?"

"गाणं आहे, आई. इथलंच."

"ते कळलं. पण तो नाचतोय की रडतोय?"

संगीताच्या मासिकांतून या गाण्यावर मी बरंच वाचलंय. आईच्या प्रश्नाइतकं नेमकं त्यात काही सापडलं नाही.

पाऊस हा इथे नुसता शब्द म्हणून आलेला नाही, हे राहायला आल्यावरच उमगलं. ग्लासगोत वर्षाला साधारण 1,100 ते 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या जवळपास निम्मा. पण मुंबईचा चार महिन्यांत धो धो कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिने झिरपत राहतो. मध्यवर्ती स्टेशनचा पूल आर्गाइल स्ट्रीटवरून जातो, त्याच्या खालच्या भागाला लोक 'हीलनमन्स अम्ब्रेला' म्हणतात. उत्तरेच्या डोंगराळ भागातून पोटापाण्यासाठी शहरात आलेली माणसं पूर्वी पावसापासून आडोसा घेत तिथे जमायची, आपल्या बोलीत गप्पा मारायची. परगावाहून आलेल्या माणसाला हे ऐकून आत काहीतरी हलतं. मी त्या पुलाखालून हे गाणं कानात घालून बऱ्याचदा गेलेय. दुकानांचे दिवे ओल्या रस्त्यावर उतरलेले असतात, आणि गाण्यातलं चंदेरी शहर कोणतं हे सांगावं लागत नाही.

काळही लक्षात घ्यायला हवा. जहाजबांधणी ओसरली होती, बेकारी वाढली होती, आणि 1983 मध्ये महापालिकेने 'ग्लासगोज माइल्स बेटर' ही जाहिरात मोहीम काढली होती. तिच्यावर मुलांच्या पुस्तकांतला पिवळा गोलमटोल मिस्टर हॅपी हसत होता. धुराने काळ्या पडलेल्या दगडी इमारती घासून-पुसून उजळ करणं चालू होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं कुणी म्हणालं असतं तर चुकीचं नव्हतं. पण हे गाणं शहराची टिंगल करत नाही. वाळा कथलाचा आहे हे त्याला पक्कं माहीत आहे, तरी ते त्या सोनूबाईच्या प्रेमात आहे. मला हे फार खरं वाटतं.

आता थोडं यंत्रांविषयी, कारण त्याशिवाय या गाण्याची गोष्ट पुरी होत नाही. ही रेकॉर्ड काढली 'लिन' या ग्लासगोच्याच कंपनीने. लिन म्हणजे रेकॉर्ड प्लेअर बनवणारे लोक. त्यांचं 'सोंडेक एलपी12' हे यंत्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून आजतागायत बनतंय. ध्वनिमुद्रण झालं एडिंबराच्या बाजूच्या पेनकेटलंड गावात, कॅलम माल्कमच्या 'कॅसलसाउंड' स्टुडिओत. (या दोन शहरांत जुनी चुरस, आणि ग्लासगोचं गाणं एडिंबराच्या अंगणात! इथल्या लोकांना हे सांगून चिडवता येतं.) माल्कमकडे लिनचे स्पीकर होते. त्या ओळखीतून गाण्यांचा कच्चा नमुना, म्हणजे डेमो, कंपनीच्या कानावर गेला आणि प्लेअरवाल्यांनी स्वतःचं रेकॉर्ड लेबल चालू केलं. लिनची यंत्रं खपवायला म्हणून हा अल्बम बनवून घेतला, अशी एक वदंता अजून फिरते. बँडने ती कायम नाकारली आहे. पण ती का पसरली हे ऐकताना कळतं. प्रत्येक वाद्याभोवती मोकळी जागा आहे, कुणी कुणाच्या अंगावर येत नाही.

माझं यंत्र लिनचं नाही. त्यांच्या किमती बघून मी दुकानातून काढता पाय घेतला होता. साध्या प्लेअरवर, पुस्तकांच्या फळीवर ठेवलेल्या स्पीकरवरसुद्धा हे गाणं उत्तम वाजतं. हेडफोनवर त्याहून बारकावे कळतात, विशेषतः मागे हळूच येणारे कीबोर्ड. फोनच्या स्पीकरवर मात्र लावूच नका. बेस गायब होतो, आणि बेसशिवाय हे गाणं म्हणजे नुसती तक्रार. स्वयंपाक करताना चालतं, कणीक मळायला तर बेसचा ठेका झकास जमतो. पार्टीत एकदा लावून पाहिलं. कुणाला नाचावं की गप्प बसावं ते ठरवता येईना, शेवटी यजमानांनीच बदललं.

कुरबुरीही आहेत. ड्रमचा ठोका कोरडा आणि ऐंशीच्या दशकाचा शिक्का बसलेला आहे. पहिले काही दिवस तो कानाला टोचतो, मग अंगवळणी पडतो. माझ्या प्रतीत शेवटच्या मिनिटाला हलकी चरचर आहे, पण जुन्या मालाबद्दल काय बोलणार. ज्यांना स्वच्छ आवाज हवा त्यांच्यासाठी 2012 मध्ये नव्याने मास्टर केलेली सीडी आहे, सोबत जादा गाण्यांची दुसरी तबकडीही.

आणि एक तक्रार जगाविषयी. ब्लू नाईलचं नाव निघालं की लोक 1989 च्या 'द डाउनटाउन लाइट्स'कडे धावतात. अ‍ॅनी लेनॉक्सने ते गायलं, रॉड स्टुअर्टने गायलं, 2024 मध्ये टेलर स्विफ्टने आपल्या एका गाण्यात त्याचं नाव घेतलं आणि नव्या पोरांनी ते शोधून काढलं. गाणं सुंदरच आहे, वाद नाही. पण ते पहिल्या सुरापासून उदास आहे आणि तसं असल्याचं त्याला माहीत आहे. 'टिन्सेलटाऊन' आनंदात असताना शंका काढतं. ते जास्त अवघड काम आहे. दोन्हींतलं एकच ठेवायला सांगितलं तर मी क्षणभरही अडखळणार नाही.

तुम्हाला ऐकून पाहायचं असेल तर अल्बमवरचं पूर्ण लांबीचंच निवडा, कापलेलं नको. पहिल्यांदा ऐकून "ठीक आहे" वाटेल. मलाही तेवढंच वाटलं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी, बहुधा दुसऱ्याच कुठल्या कामात असताना, तो आईचा प्रश्न तुम्हालाही पडेल. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो त्या ड्रमसाठी.