घरचा ओटीजी, आठ वर्षांची लेक आणि साधा चॉकलेट केक: वापरून झाल्यावरचं मत

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. घरात सहा ते दहा वयाचं मूल असेल आणि महिन्यातून दोनदा तरी केक होणार असेल, तर ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिलर एकात असलेला विजेचा छोटा डबा) घ्या. साधा, तीन बटणांचा, २५ ते ३० लिटरमधला. वर्षातून फक्त वाढदिवसाला केक करणार असाल तर कुकर पुरेसा आहे, ओट्यावरची जागा अडवू नका.

आमचा २८ लिटरचा आहे, १५०० वॅटचा. गेल्या दिवाळीच्या आधी घेतला. पाऊस सुरू झाला तरी वापर थांबलेला नाही, म्हणून आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले सगळे डबे आतून जवळपास सारखेच असतात: वर दोन रॉड, खाली दोन रॉड, तापमानाचं बटण, वरचा-खालचा रॉड निवडायचं बटण आणि टिकटिकणारा टायमर.

दुकानात कोणी सांगत नाही ती गोष्ट प्लगची. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर हा लावायचा नाही, १६ अँपिअरचं जाड पिनचं सॉकेट हवं. आमच्याकडे ते एकच होतं आणि त्यावर फ्रिज. वायरमन बोलावून वेगळा पॉइंट काढून घेतला, तो खर्च धरूनच किंमत ठरवा. विजेच्या बिलाची धास्ती मात्र उगाच आहे. आधी तापवणं धरून पाऊण तास-पन्नास मिनिटं लागतात, आणि रॉड सतत चालू नसतात, त्यामुळे एका केकला सव्वा युनिटच्या आतच खर्च होतो.

आता मुख्य तक्रार. बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. १८० वर ठेवून आत ओव्हनचा थर्मामीटर टांगला, तर रॉड चालू असल्याचा बाहेरचा दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा काटा २०० च्या पुढे गेलेला असतो. मग रॉड बंद, तापमान खाली, पुन्हा रॉड लाल, असं चालतं. पंधरा-वीस मिनिटांनी तो जरा स्थिरावतो. केक मधून फुगून फाटतो, वर करपतो आणि आत ओला राहतो, याचं कारण बहुतेक वेळा पाककृतीत नसतं, इथे असतं. आम्ही बटण १६५ च्या आसपास ठेवतो तेव्हा आत १८० मिळतात. तुमच्या डब्याचा हिशोब वेगळा निघेल. थर्मामीटर काही शे रुपयांचा आहे आणि ओव्हनसोबत मिळालेल्या सगळ्या सामानापेक्षा उपयोगी आहे. कोंबडी फिरवायची ती सळई तर अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

दुसरी जोड वजनकाट्याची. पाककृतीतला 'कप' २४० मिलिलिटरचा असतो, आपल्याकडची वाटी कुठल्याही मापाची. आणि मैदा दाबून भरला की मोकळा यावर कपामागे वीस-तीस ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. काटा आल्यापासून लेकीला तिचं काम मिळालं. १८० आकडा येईपर्यंत चमच्याने मैदा घालायचा, १८३ झाला तर तीन परत काढायचे. शाळेच्या वहीतली वजाबाकी करताना तोंड वाकडं करणारी मुलगी इथे एकेका ग्रॅमसाठी भांडते.

आमचा ठरलेला केक बिनअंड्याचा, बिनदुधाचा, बिनलोण्याचा. अमेरिकेत मंदीच्या किंवा महायुद्धातल्या रेशनच्या काळातला म्हणून तो ओळखला जातो. माझी आई अंडं खात नाही म्हणून आम्ही त्याच्याकडे वळलो आणि तिथेच राहिलो. मैदा १८० ग्रॅम, साखर १७०, कोको २५, खायचा सोडा एक सपाट छोटा चमचा, मीठ अर्धा. हे सगळं चाळून घ्यायचं. मग तेल ८० मिलिलिटर, पांढरं व्हिनेगर एक मोठा चमचा, व्हॅनिला आणि शेवटी २४० मिलिलिटर पाणी. आठ इंची टिन, तळाला बटर पेपर, १८० वर तीस ते पस्तीस मिनिटं. बस.

यात चाळणं टाळू नका. सोड्याची एक गुठळी राहिली तर तो घास साबणासारखा लागतो, आणि मूल पुन्हा महिनाभर केकला हात लावत नाही. मैदा पुरणाच्या नाही, सपीटाच्या चाळणीने चाळायचा. कोको आणि सोडा चहाच्या गाळण्यातून. खाली जुना पेपर पसरायचा. ओटा नव्हे, जमिनीवर बसून करायचं, म्हणजे सांडलेलं निम्मं तरी पेपरावर पडतं.

खरी मजा व्हिनेगरची. ते पडलं की मिश्रण फसफसतं, सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि केकमधली भोकं म्हणजे तोच वायू. हे मी सांगून तिला पटलं नाही. मग एकदा मुद्दाम मिश्रणाचे दोन भाग केले, एकात व्हिनेगर, दुसऱ्यात नाही. बिनव्हिनेगरचा केक थोडा फुगला (सोडा नुसत्या उष्णतेनेही वायू सोडतो), पण ठेंगणा, काळपट आणि कडवट झाला. तेव्हापासून व्हिनेगर पडलं की ती स्वतःच ओरडते, "बाबा, लवकर, वायू चाललाय!" बरोबरच आहे. ही क्रिया लगेच सुरू होते, म्हणून ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण ओतायला उशीर नको. मधे फोन आला तर उचलू नका.

कोकोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण बाजारात तिथेच गोंधळ आहे. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणजे कोको नव्हे. त्यात साखर भरपूर असते, केक फिका आणि गिळगिळीत होतो. शुद्ध कोकोतही दोन प्रकार. एक नैसर्गिक, रंगाने फिकट तपकिरी आणि चवीला आंबूस. दुसरा अल्कलीने प्रक्रिया केलेला, गडद आणि सौम्य. ही डच पद्धत, एकोणिसाव्या शतकात व्हॅन हाउटन यांनी आणलेली. डब्याच्या मागे घटकांमध्ये ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा आम्लता नियंत्रक लिहिलेला असला तर तो दुसरा प्रकार. आमच्या केकमध्ये व्हिनेगर असल्याने दोन्ही चालतात, पण ज्या पाककृतीत सोडा आहे आणि दही, ताक, व्हिनेगर काहीच नाही, तिथे नैसर्गिकच लागतो. रंग हवा म्हणून आम्ही गडद वापरतो. पाणी उकळतं घेऊन कोको आधी त्यात कालवला तर चव जास्त खुलते, पण मग ते काम मुलाच्या हातातून जातं. मी चवीपेक्षा तिचं काम राखलं.

सुरक्षेचा नियम एकच ठेवला आहे: गरम होण्याआधीचं सगळं तिचं, गरम झाल्यानंतरचं सगळं माझं. या डब्यांच्या दाराला बहुधा एकच काच असते आणि ती बाहेरूनही चटका बसेल इतकी तापते. वरचा पत्राही. ओव्हनपुढे दोन फुटांवर रांगोळीची रेघ ओढतो, ती तिची लक्ष्मणरेषा. रेघेबाहेर स्टूल टाकून ती काचेतून बघत बसते. आत दिवा आहे म्हणून हे शक्य होतं, घेताना दिवा असलेलाच घ्या. आमचा मधे गेला होता, तेव्हा सर्व्हिसवाल्यांनी तीन आठवडे लावले आणि तेवढ्या काळात बाईसाहेबांचा रस निम्म्यावर आला.

भांडं चाटण्याबद्दलही लिहायला हवं. अंडं नाही म्हणजे कच्चं मिश्रण चालतं असं बरेच जण समजतात. मैदासुद्धा कच्चाच असतो, त्यात जंतू असू शकतात, म्हणून आमच्याकडे ते बंद आहे. बदल्यात वरच्या चॉकलेटचं पातेलं पूर्ण तिच्या मालकीचं.

आई हा सगळा कारभार खुर्चीत बसून बघते. तिच्या लग्नानंतर घरात तो ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन होता, झाकणाला छोटी काच असलेला, आणि नानकटाई तर दिवाळीत डबे भरून बेकरीच्या भट्टीवर नेऊन भाजून आणायचे. "अरे, आम्हाला कुठले आकडे! वास आला की उघडायचं," असं ती म्हणते. आणि खरंच, टायमरआधी दोन मिनिटं तिला वास येतो. तेव्हा सुरी घालून बघितली तर कोरडी निघते. टायमरपेक्षा आमचा भरवसा आता तिच्यावर जास्त आहे, शिवाय दहा मिनिटांच्या आत लावायचा असेल तर तो टायमर आधी पुढे फिरवून मागे आणावा लागतो, ती वेगळी कटकट.

कुकरशी तुलना विचारली जाते. लॉकडाऊनमध्ये शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून, बिस्किटांचा चुरा आणि इनोचे केक घरोघरी झालेच. आमचेही झाले. इनोमध्येही सोडा आणि सायट्रिक आम्लच असतं, त्यामुळे तो केक फुगतो ते त्याच कारणाने. कुकरमधला केक मऊ होतो, पण वरून पांढुरका राहतो, आणि मुलाच्या दृष्टीने मोठी उणीव म्हणजे आत काहीच दिसत नाही.

तक्रारी अजून दोन. बटणावरचे छापील आकडे पुसले गेलेत, मी नेलपॉलिशने खुणा केल्या आहेत. खालचा चुऱ्याचा ट्रे दर वेळी पुसला नाही तर पुढच्या केकला जळका वास लागतो.

केक निघाल्यावर दहा मिनिटं टिनमध्येच, मग जाळीवर, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी नाही. हा भाग सगळ्यात अवघड जातो, मुलाला आणि मलाही. डब्यात बाहेर दोन दिवस छान राहतो, फ्रिजमध्ये कोरडा पडतो. पावसाळ्यात वरचा थर चिकट होतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच संपवा.

घरात एअर फ्रायर असेल तर आधी त्यातच सहा इंची टिन घालून बघा. पंख्यामुळे वरची बाजू लवकर भाजते, म्हणून १६० वर ठेवा आणि मिश्रण निम्मंच घ्या. जमलं तर ओटीजी लागणार नाही.