गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर सीपीएम यंत्र: भाड्याने घ्यावं का?

सीपीएम (कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन) यंत्र म्हणजे पाय ठेवला की गुडघा आपोआप वाकवणारा-सरळ करणारा पाळणा. कॅनडाचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७०च्या दशकात ही कल्पना पुढे आणली. यंत्र चालतं छान, पण सांधेरोपणानंतर त्याचा फायदा तुटपुंजा आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात गुडघा वाकण्यातला सरासरी फरक जेमतेम २ अंश निघाला! चालायला साधारण ६५ आणि जिना उतरायला ९० अंश लागतात. तिथवर पोचायचं ते स्वतःच्या स्नायूंच्या व्यायामानंच, म्हणून भाड्याचे पैसे फिजिओथेरपिस्टच्या भेटींवर खर्च करणं बरं.

वापरायचंच असेल तर यंत्राची बिजागरी गुडघ्याच्या सांध्यासमोर अचूक आणा. मांडीकडची लांबी चुकली की पाय सरकतो. मग यंत्राच्या पडद्यावर ९० अंश दिसत असतात, गुडघा मात्र त्याहून कमीच वाकलेला असतो. ही चूक फार सर्रास होते.

पाय पूर्ण सरळ करण्यात तर यंत्राची मदत नगण्यच. त्यासाठी झोपताना टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. गुडघ्याखाली उशी नकोच. तिच्यामुळे सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि चाल लंगडी होते.